विधानसभेत आपल्या गावाबद्दल काय सांगितलं गेलं, हे गावाला कळतं का?

बांधावरचा (जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. विषय कोरडा वाटेल, पण कामाचा आहे.

आमच्या गावातला एक पोरगा एमपीएससीची तयारी करतो. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळता चाळता त्याला आपल्याच तालुक्याचं नाव दिसलं. प्रश्न पांदण रस्त्यांचा होता, नेहमीच्या साच्यातला: 'हे खरे आहे काय', 'असल्यास, चौकशी करण्यात आली आहे काय', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. उत्तरात गावांची नावं होती आणि आमच्या गावापुढे लिहिलं होतं, काम पूर्ण.

हा रस्ता नाल्यापर्यंत मुरूम टाकून सोडलेला आहे. नाल्यापलीकडे ज्यांची वावरं आहेत त्यांना विचारा. परतीचा पाऊस झाला की बंडी फसते आणि पहिल्या वेच्याचा कापूस डोक्यावर आणावा लागतो.

खोटं लिहिलं याचा राग आहेच. पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. हे उत्तर राज्याच्या सर्वोच्च सभागृहात दिलं गेलं, छापलं गेलं, संकेतस्थळावर आलं, आणि ज्यांच्या धुऱ्यावरून तो रस्ता जातो त्यातल्या एकालाही पत्ता नाही. सरपंचाला नाही, सदस्यांना नाही. पोराला परीक्षेसाठी वाचावं लागलं म्हणून कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या गावाचं नाव उत्तरात येतं, त्या गावच्या ग्रामसभेत ते उत्तर वाचलं जावं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभा तशाही होतात. निदान कागदावर तरी होतात. तुमच्याकडे असा काही अनुभव आहे का? आणि हे व्हावं म्हणून कुठे लिहायचं?

कपाशीवाला_दारव्हा

भाऊ, खरं सांगू काय? कळून करसान काय? आमच्याकडे एका जणानं माहितीच्या अधिकारात तलावाच्या गाळाचा हिशोब मागतला. कागद भेटले, पोतंभर. वाचाले कोणी तयार नाही. मंग पोतं घरात माळ्यावर गेलं.

विधानसभेचं ज्याले पाहाचं त्यानं पाहावं. मले तं तुरीचे पैसे कवा जमा होते तेवढं कळलं तरी बस.

बांधावरचा

कपाशीवाला भाऊ, तुरीचंच घ्या ना. हमीभावाची खरेदी केंद्रं किती उघडली, बारदाना कुठे अडला, चुकारे कशाला थांबले, हेही सभागृहात विचारलं जाते आणि त्याचंही उत्तर छापून येते. ते बाजार समितीच्या फाटकावर लागलं तर वाचाल की नाही?

कपाशीवाला_दारव्हा

वाचीन ना बा. पण लावते कोण?

ग्रामसेवक_सेवानिवृत्त

धागाकर्त्यांनी पाहिलं ते उत्तर तयार कसं होते ते सांगतो, म्हणजे राग नेमका कुठे काढायचा ते कळेल.

ऑफिसात त्याला कोणी तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो) म्हणत नाही, 'एलएक्यू आला' म्हणतात, म्हणजे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, विधानसभेचा प्रश्न. अधिवेशन जवळ आलं की सगळ्यांच्या रजा बंद. मंत्रालयातलं कार्यासन प्रश्न आयुक्तालयाकडे किंवा थेट जिल्ह्याला पाठवते, जिल्हा परिषद पंचायत समितीला, पंचायत समिती आमच्यासारख्यांना. प्रत्येक टेबलावर थोडा थोडा वेळ जातो, अन् गावापर्यंत येईस्तोवर मुदत 'आज दुपारी चारपर्यंत' एवढीच उरलेली असते. पूर्वी शिपाई निरोप घेऊन यायचा, मग फोन आला, आता व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. त्यावर एक तक्ता टाकतात आणि खाली लिहितात, 'अत्यंत तातडीचे, विधानसभा कामकाज'.

त्या तक्त्यात रकाना रिकामा ठेवता येत नाही. ग्रामसेवकाकडे (आता 2024 पासून नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पाटी बदलली, टेबल तेच आहे) बऱ्याचदा एकाहून जास्त गावं असतात. त्या दिवशी तो मतदार यादीत अडकलेला असते नाहीतर घरकुलाच्या फोटोत. नाल्यापर्यंत जाऊन पाहायला वेळ कुठला? मागच्या मासिक अहवालात जे होतं ते उतरवून देते. पैसे खर्ची पडले असतील तर 'पूर्ण' लिहिते. पैसे संपले पण रस्ता नाही संपला, असं लिहायला तक्त्यात जागाच नसते. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही तो 'निरंक' लिहून मोकळा. वर सगळ्या गावांची बेरीज होते, त्याच्या वर भाषा सरळ होते, आणि शेवटी मंत्रिमहोदय सभागृहात उभे राहून तेच सांगतात. कधी 'होय, हे खरे आहे', कधी 'अंशतः खरे आहे', आणि पुढच्या पोटप्रश्नाला 'प्रश्न उद्भवत नाही'.

या साखळीत सगळे चोर असतात असं नाही. बरेच जण घाईत असतात. पण एक गोष्ट शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना पक्की ठाऊक असते की हे उत्तर परत गावात येणार नाही. खालून वर जाणारी माहिती आहे ही, वरून खाली येत नाही. ती खाली यायला लागली, आणि मंत्र्यांनी आपल्याविषयी काय सांगितलं हे गावात वाचलं जाऊ लागलं, तर तक्ता भरणारा माणूस 'पूर्ण' लिहायच्या आधी सरपंचाला एक फोन तरी लावेल. मुदतीचे चार वाजून जातील, जाऊ द्या.

म्हणून धागाकर्त्यांच्या सूचनेला माझं अनुमोदन. आणि यासाठी कायदा बदलायची गरज नाही असं मला वाटते. ग्रामविकास विभागाचं एक परिपत्रक पुरेल.

आर्वीकर_सध्या_पुण्यात

काका, जबरदस्त प्रतिसाद. हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझ्या बाजूने थोडं लिहितो. माहिती 'ऑनलाइन आहे' आणि माहिती 'सापडते' यात फार अंतर आहे. विधिमंडळाचं कामकाज दिवसानुसार लावलेलं असतं, म्हणजे अमुक अधिवेशन, अमुक तारीख, त्या दिवशीची यादी. आमदाराला आणि पत्रकाराला ते सोयीचं आहे. गावकऱ्याला तारीख कुठून ठाऊक असणार? त्याला गाव ठाऊक असतं.

दुसरी अडचण फाइलींची. सरकारी मराठी कागद म्हटला की एक तर स्कॅन केलेली पीडीएफ, म्हणजे अक्षरांचा फोटो, त्यात शोध लागतच नाही. नाहीतर युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) आधीचा फॉन्ट, डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा कृतिदेव. वाचताना छान दिसतं, पण कॉपी करून दुसरीकडे टाकलं की सगळी चिन्हांची खिचडी होते आणि गुगललाही ती खिचडीच दिसते. हल्ली ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, मराठी बऱ्यापैकी उचललं जातं, पण तक्ते आले की ते गडबडतं, आणि आपलं सगळं काम तर तक्त्यांतच.

तिसरी अडचण गावांच्या नावांची, आणि ती विदर्भात फार मोठी आहे. सावंगी किती? बोरगाव किती? पिंपळगाव किती? वर्धा जिल्ह्यातल्याच सगळ्या सावंग्या सांगायला बसलो तर पोस्टमन बोलवावा लागेल. यावर उपाय तयार आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे, तिच्यात प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला स्वतंत्र एलजीडी कोड दिलेला आहे. ई-ग्रामस्वराजवर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो तोही याच कोडला जोडलेला असतो. काकांनी सांगितलेल्या तक्त्यात गावाच्या नावाशेजारी फक्त हा कोड टाकला, आणि उत्तर युनिकोडमध्ये चढवलं, तर बाकीचं काम कॉलेजची पोरंही करू शकतात. कोड टाका, तुमच्या गावाबद्दल आजवर काय काय सांगितलं गेलं ते सगळं समोर.

राज्याच्या शासन निर्णयांचं उदाहरण आहेच. प्रत्येक जीआरला अठरा अंकी सांकेतांक असतो, सुरुवात तारखेने होते, आणि तो टाकला की नेमका तोच जीआर उघडतो. शेतकरी, शिक्षक, अंगणवाडी ताई, सगळे तो क्रमांक एकमेकांना पाठवतात. सभागृहातल्या उत्तरालाही असा एक कायमचा पत्ता हवा. लोकसभेच्या बाबतीत मंत्रालयानुसार, खासदारानुसार प्रश्न शोधता येतात आणि 1952 पासूनच्या चर्चा डिजिटल ग्रंथालयात आहेत, म्हणजे होत नाही असं नाही.

अवांतर: संसदीय कागदपत्रं यंत्राला समजतील अशी साठवायची एक खुली पद्धत आहे, आकोमा न्टोसो नावाची. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने आफ्रिकेतल्या संसदांसाठी सुरू झाली, 2018 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचं रूप मिळालं. कोणाला रस असेल तर स्वतंत्र धागा काढतो. आणि सभागृहं कागदविरहित करण्यासाठी केंद्राची 'नेवा' योजना आहे ती चांगलीच आहे, पण आमदारांच्या टेबलावर टॅब आला म्हणून कपाशीवाला भाऊंच्या फाटकावर कागद लागत नाही.

जुना_बातमीदार (नागपूर)

चर्चा प्रश्नोत्तरांवर अडकली आहे, थोडी मोठी करतो.

1953 च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन आपल्याकडे येतं. 2024 चं 16 ते 21 डिसेंबर, म्हणजे आठवडाभरही नाही. त्या काळात मोर्चे निघतात, हुरडा पार्ट्या होतात, विदर्भाचे प्रश्न ऐरणीवर आल्याच्या बातम्या आम्ही लावतो आणि मग सगळे मुंबईला परत. मागे काय राहतं? मंत्र्यांची आश्वासनं. 'चौकशी करू', 'बैठक लावू', 'महिनाभरात अहवाल मागवू'. ही आश्वासनं पाळली का हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. लोकसभेत आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांची मुदत धरलेली आहे आणि कोणकोणती वाक्यं आश्वासन मानायची याची यादीसुद्धा आहे. माझ्या मते सामान्य माणसासाठी तारांकित उत्तरापेक्षाही आश्वासनांची यादी जास्त मोलाची. कोणत्या गावाला काय कबूल केलं, कधी केलं, पुढे काय झालं. जिल्हानिहाय अशी यादी तहसीलच्या भिंतीवर लागली तर अर्ध्या बातम्या आम्हाला आयत्या मिळतील.

आता आकड्यांचं. राज्याच्या 2012 सालच्या आर्थिक पाहणी अहवालात दिसलं की दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचं प्रमाण जेमतेम 0.1 टक्का वाढलं. हजारो कोटी गेले आणि एवढीच वाढ? त्यावरून रान पेटलं, श्वेतपत्रिका निघाली, चितळे समिती बसली. एका आकड्याने एवढं केलं. आणि पुढे काय झालं माहीत आहे? नंतरच्या पाहणी अहवालांत कित्येक वर्षं त्या रकान्यात 'उपलब्ध नाही' येत राहिलं. ज्या विदर्भाचं सगळं गाऱ्हाणं सिंचनाच्या अनुशेषाचं, तिथे सिंचन किती झालं हा आकडाच गायब. गोसीखुर्द धरण प्रकल्प 1983 मध्ये 372 कोटींचा होता, 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, खर्च पुढे कितीतरी पटींनी वाढला. दर वेळची सुधारित मान्यता, तिची कारणं, प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र हे सगळं एका जागी, एका तक्त्यात, पवनी तालुक्यातल्या शेतकऱ्याला वाचता येईल असं कधी मांडलं गेलं?

घटनेच्या कलम 371(2) मध्ये तर लिहूनच ठेवलंय की विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीच्या विकास मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा. विदर्भाच्या मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. मंडळाने कामं किती केली यावर वाद घाला, मीही घालीन. पण मंडळासोबत वर्षाला एकदा आकडे मांडायची ती जागाही गेली, याबद्दल कोणाला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

कॅगचे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात. चर्चेला वेळ उरत नाही. असो, तो वेगळाच विषय.

[संपादक]

पक्षीय शेरेबाजी असलेले प्रतिसाद काढले आहेत. सरकार कोणाचंही असो, एलएक्यूचा तक्ता तोच असतो हे वर एका काकांनी सांगितलंच आहे. विषयावर राहा.

बचतगटवाली_सिंदेवाही

मी एरवी वाचूनच जाते, आज लिहिते.

बांधावरचा दादा, ग्रामसभेत वाचायचं म्हणता ते बरोबर, पण आमच्याकडच्या ग्रामसभेत बाया मागं बसतात आणि कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर दुसऱ्या दिवशी कोण येते? आधी महिला सभेत वाचा. रस्ता, नळ, रेशन, अंगणवाडी यातली कोणती गोष्ट झाली आणि कोणती नाही हे बायांना जास्त माहीत असते. आणि वाचायचं तर वाचूनच दाखवा. बोर्डावर कागद लावला की काम झालं असं समजू नका, बोर्ड पंचायतीच्या आत, आणि पंचायतीला कुलूप.

आणखी एक सांगायचं होतं. पारदर्शकता म्हटली की सगळ्यात आधी उघडं कोण पडते? गरीबच. घरकुलाची ड यादी (घर मिळायची वाट पाहणाऱ्यांची) व्हॉट्सॲपवर फिरते, त्यात कोणाचा आधार नंबर, कोणाचा मोबाइल, कोण विधवा, कोण परित्यक्ता, सगळं असते. आमच्या गटातल्या एकीला त्याच यादीवरून फसवे फोन आले. पण ठेकेदाराला बिल किती दिलं ते विचारा, तर 'वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही'. हे उलटं नाही का?

वकील_अमरावती

ताई, तुम्ही नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं. कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो.

माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4. यात शासनाने स्वतःहून माहिती द्यायची आहे, कोणी अर्ज करायची वाट न पाहता. आणि कशी द्यायची हेही लिहिलंय: स्थानिक भाषेत, कमी खर्चात, लोकांपर्यंत पोचेल अशा रीतीने. प्रसार म्हणजे काय याच्या स्पष्टीकरणात सूचना फलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, इंटरनेट असं सगळं येतं. म्हणजे कोतवालाने दवंडी दिली तरी ते कायद्यात बसतं. संकेतस्थळावर पीडीएफ टाकली की कलम 4 पूर्ण झालं, असा समज कोणी करून घेऊ नये.

ताईंचा मुद्दा कलम 8(1)(ञ) चा. वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा खासगीपणावर विनाकारण अतिक्रमण होत असेल तर ती नाकारता येईल, पण मोठं जनहित असेल तर द्यावी, असं ते कलम होतं. त्याला एक फार सुंदर परंतुक होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. या धाग्याचा सगळा विषय त्या एका वाक्यात होता. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 44(3) ने ते कलम बदललं, परंतुकही गेलं, आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं. कलम 8(2) मधला जनहिताचा आधार अजून आहे, पण तो सिद्ध करायचा भार अर्जदारावर येतो. ड यादीतल्या बाईचं संरक्षण व्हायला हवंच होतं. त्या नावाखाली ठेकेदारही आत शिरला.

बांधावरचे, तुमच्या सूचनेवर एक खबरदारी. उत्तर सभागृहात सादर होण्याआधी बाहेर आलं तर विशेषाधिकाराचा प्रश्न येतो, म्हणून गावात पाठवायचं ते पटलावर आल्यानंतरच. आणि उत्तर खोटं निघालं तर गावकरी काय करू शकतात? ग्रामसभेचा ठराव करून आमदारांना द्या. सभागृहाची दिशाभूल झाली म्हणून हक्कभंगाची सूचना द्यायचा अधिकार सदस्याला आहे. आमदार ती देतील का, हे तुमच्या आमदारांवर. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही असते, तिचा रस्ता फारच कमी लोक धरतात.

धानोऱ्याकडचा (गडचिरोली)

मेंढा-लेखा हे गाव आमच्या तालुक्यातलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे, पण त्यामागचा अभ्यास गट कोणी सांगत नाही. तिथे लोक बसून कायदा वाचायचे. एक कलम घ्यायचं, त्यावर बोलायचं, कळेपर्यंत पुढे जायचं नाही. निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आला, ते या वाचनामुळं. केंद्रीय मंत्री गावात येऊन परवाना देऊन गेले त्याचे फोटो सगळीकडे दिसतात, वाचत बसलेल्या माणसांचे दिसत नाहीत.

पुण्याच्या दादांचं कोड वगैरे ठीक आहे. पण आमच्याकडं कितीतरी गावांत नेटवर्क म्हणजे टेकडीवर चढून उभं राहणं. आणि सरकारी मराठी ही गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या माणसाला परकीच. 'अंशतः खरे आहे' याचा अर्थ शिकलेल्या पोरालासुद्धा समजावून सांगावा लागते. तेव्हा उत्तर गावात पाठवाल तर त्यासोबत वाचणारा माणूसही हवा. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांत ग्रामसभेसाठी काम करणारे मोबिलायझर आहेत, त्यांना हे काम द्या. नाहीतर कपाशीवाला भाऊंचं पोतं तसंच माळ्यावर जाईल.

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. धानोऱ्याकडचे भाऊ, वाचणाऱ्या माणसाचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. राजस्थानात 1994 पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतल्या तेव्हा हेच केलं होतं ना? कामाच्या नोंदी गावासमोर मोठ्यानं वाचायच्या आणि ज्याचं नाव आलं त्याला उभं राहून विचारायचं, बाबा, तू हे काम केलंस का, एवढी मजुरी मिळाली का? माहिती अधिकाराचा कायदा त्यातूनच तर उगवला.

आम्ही गावात बसलो होतो. परिपत्रकाची मागणी ग्रामविकास विभागाकडे पाठवायची हे ठरलं, मसुदा ग्रामसेवक काका पाहतील. तोपर्यंत आमच्या रस्त्याचं उत्तर येत्या ग्रामसभेत आम्हीच वाचणार. वाचणार आहे एमपीएससीवाला पोरगा, आणि ताईंच्या सांगण्यावरून आदल्या दिवशी महिला सभेतही. त्यासोबत पंचायत समितीत माहिती अधिकाराचा अर्ज द्यायचा आहे. जोडपत्र 'अ' मध्ये हा मजकूर टाकला आहे, तपासून द्या:

'माहितीचा विषय: अमुक अधिवेशनातील तारांकित प्रश्न क्रमांक अमुक यांच्या उत्तरासाठी आपल्या कार्यालयाने वरिष्ठ कार्यालयास सादर केलेली मौजा अमुक येथील पांदण रस्त्याबाबतची माहिती. आवश्यक तपशील: 1) वरिष्ठ कार्यालयाकडून माहिती मागविल्याचे पत्र किंवा संदेश, 2) आपण सादर केलेला तक्ता व पत्र, जावक क्रमांकासह, 3) काम पूर्ण असल्याचे ज्या कागदपत्रांच्या आधारे नमूद केले त्यांच्या प्रती, 4) या कामाची मोजमाप पुस्तिका व देयके, 5) तालुक्यातील इतर सर्व पांदण रस्त्यांची सद्यःस्थिती.'

कपाशीवाला_दारव्हा

हे ठीक केलं. आमच्या बाजार समितीचं कोणतं उत्तर असन तं त्या पोराले काढून द्याले सांगा. फाटकावर लावाचं मी पाहतो. अक्षर मोठं ठेवा, बाप्पा.

आर्वीकर_सध्या_पुण्यात

तुमच्या जिल्ह्याची मागच्या काही अधिवेशनांची उत्तरं मी युनिकोडमध्ये उतरवून देतो. तालुका आणि एलजीडी कोडचे रकाने लावलेली साधी एक्सेल फाइल असेल. तुरीच्या खरेदीची आधी काढतो.

वकील_अमरावती

मजकूर चांगला आहे, पण पाचवा मुद्दा काढा. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. 'इतर सर्व रस्ते' म्हटलं की विषय दोन झाले म्हणून परत पाठवायला कारण मिळतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या, 30 दिवस मोजा. इतर रस्त्यांसाठी अर्जच नको. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा स्तरापासून खालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जाताना त्या निर्णयाची प्रत खिशात ठेवा, बऱ्याच टेबलांवर ती दाखवावी लागते.

ग्रामसेवक_सेवानिवृत्त

चौथ्या मुद्द्याचं पाहा. मोजमाप पुस्तिका पंचायत समितीत असेलच असं नाही, काम ज्या यंत्रणेनं केलं तिच्या उपविभागात असते. कलम 6(3) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवला पाहिजे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तिकडे वेगळा अर्ज तुम्हीच टाका. आणि पहिल्या मुद्द्यात 'व्हॉट्सॲप संदेशासह' असं स्पष्ट लिहा, नाहीतर लेखी पत्र नाही म्हणून उत्तर येईल 'निरंक'.